माफीची घाई आणि भावकीचा हिशेब

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी, असलं की आदल्या आठवड्यात खानदेशातल्या कितीतरी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये धावपळ सुरू होते. कोण कोणाशी बोलत नाही हे पाळकांना तोंडपाठ असतं. शनिवारी संध्याकाळी दोन भावांना समोरासमोर बसवतात, वचन वाचतात, प्रार्थना करतात, हातात हात द्यायला लावतात. एखादा वडीलधारा म्हणतो, "व्हयनं ते व्हयनं, सोडी दे आते." चहा होतो. रविवारी दोघंही भाकर आणि प्याला घेतात. पुढच्या पेरणीला बांधावर पुन्हा तेच भांडण उभं राहतं आणि या वेळी ते जास्त कडू असतं, कारण समोरच्याने देवासमोर दिलेला शब्द मोडला असं आता दोघांनाही वाटत असतं.

माझ्या मते यात त्या दोन भावांच्या विश्वासाचा दोष कमी आणि आपल्या पद्धतीचा जास्त आहे. क्षमा करणं, समेट होणं आणि गेलेला भरवसा परत येणं ही तीन कामं आपण एकाच प्रार्थनेत उरकू पाहतो. क्षमा एकट्याला करता येते, समोरचा माणूस हयात नसला तरी. समेटाला दोघं लागतात. भरवसा परत यायला काळ जावा लागतो, शब्द पाळलेला दिसावा लागतो आणि भांडण जमिनीचं किंवा पैशाचं असेल तर कागदही लागतो. पवित्र शास्त्राने या तिन्हींना आपापली जागा दिली आहे. आपण मात्र पहिलीची वचनं वाचतो आणि तिसरी झाली असं जाहीर करतो.

मत्तय ५:२३-२४ पाहा. वेदीजवळ दान घेऊन आलेल्या माणसाला तिथे आठवतं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. दान तिथेच ठेवून त्याने आधी भावाकडे जावं, असं येशू सांगतो. उठून जायचं आहे ते ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. जिला दुखावलं तिलाच बोलावून सांगतात, "मनात ठेवू नको, प्रभुभोजन घ्यायचंय ना?" मत्तय १८:१५ मध्ये दुखावलेल्याने जायचं आहे हे खरं, पण ते भावाचा अपराध त्याला एकांतात दाखवायला. "काही झालंच नाही" असं म्हणायला तो जात नाही. लूक १७:३ मध्ये क्रम आणखी उघड आहे: भावाने अपराध केला तर त्याला दटाव, त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर.

क्षमेची मागणी नेहमी कोणाकडे जाते, हेही पाहिलं पाहिजे. ती जाते सासरी गेलेल्या बहिणीकडे, विधवा भावजयीकडे, मोठ्याच्या शेतात राबणाऱ्या धाकट्याकडे, मार खाणाऱ्या सुनेकडे. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून घेतलेली क्षमा ही क्षमा नसते, ती माघार असते. मंडळीने या बाबतीत फार जपायला हवं, कारण इथे देवाचं नाव एका बाजूच्या सोयीसाठी वापरलं जातं.

येशूने सांगितलेला निर्दय चाकराचा दाखला प्रत्येक समेटाच्या बैठकीत वाचला जातो आणि बहुतेक वेळा अर्धाच समजावला जातो. धन्याने चाकराचं दहा हजार तालांत कर्ज सोडलं आणि त्या चाकराने सोबत्याला शंभर दिनारांसाठी तुरुंगात टाकलं. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज आणि एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. रोज ४०० रुपये धरला तर चाकराचं कर्ज २,४०० कोटींचं होतं आणि सोबत्याचं ४० हजारांचं. या आकड्यांवरून उपदेशक सांगतात की तुझ्या भावाने तुझं जे बुडवलं ते क्षुल्लक आहे. पण मजुरी करणाऱ्या घरात ४० हजार क्षुल्लक नसतात, ती शंभर दिवसांची कमाई असते. ते सोडणारा काहीतरी खरोखर गमावत असतो. देवाने आपल्याला सोडलेल्या ऋणापुढे ते थोडं आहे म्हणून तो सोडू शकतो, एवढंच दाखला सांगतो. रक्कम किती होती हे दोघांनाही माहीत असल्याशिवाय ती सोडताच येत नाही. धन्यानेही सोडण्याआधी हिशेब घेतला होता, दाखल्याची सुरुवातच तिथून आहे.

आपल्या भागात भांडणं कशावरून होतात ते सगळ्यांना माहीत आहे. तापीकाठच्या केळीच्या आणि कापसाच्या पट्ट्यात विहिरीचं पाणी, बांध, वडिलांच्या आजारपणाचा खर्च आणि बहिणीचा हिस्सा. नंदुरबारच्या नवापूर, अक्कलकुवा, धडगावकडे यांच्या जोडीला ऊसतोडीची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ घेतलेले पैसे. मुकादमाकडून उचल घ्यायची एका भावाने, खर्च करायची त्यानेच, आणि तो ऊसतोडीला गेला नाही की वसुलीला मुकादम यायचा दुसऱ्या भावाच्या दारात. अशा वेळी धाकट्याला नुसतं "भावाला माफ कर" म्हणणं म्हणजे त्याने पुढचा हंगामही फुकट राबावं असं सुचवणं.

यावर शास्त्राचं उत्तर स्पष्ट आहे. गणना ५:६-७ मध्ये ज्याने दुसऱ्याचं नुकसान केलं त्याने पाप कबूल करायचं, पूर्ण भरपाई करायची आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा असा नियम आहे. जक्कय नावाच्या जकातदाराने तर चौपट परत करतो म्हटलं आणि त्यानंतरच येशूने या घराला तारण झालं असं म्हटलं (लूक १९). गणनेतला नियम ख्रिस्ती माणसाला कायद्यासारखा लागू आहे असं मी म्हणत नाही, पण अंदाज म्हणून तो उपयोगी पडतो. पन्नास हजार अडकवले असतील तर पन्नास परत केल्याने सगळं भरून आलं असं होत नाही. समोरच्याने मधली वर्षं त्यांच्यावाचून काढली, बहुधा सावकाराकडून घेऊन काढली. साठ हजार घेऊन जाणाऱ्याला ही गोष्ट कळलेली असते.

एक कल्पित कुटुंब घेऊ. धरणगाव तालुक्यात चार एकर, एक विहीर. वडील मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन भाऊ आणि दोंडाईचाला दिलेली बहीण. सहा वर्षं मोठा भाऊ शेत कसतो आहे. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याचे ९० हजार एकट्या धाकट्याने भरले. मोठ्याने बोअरसाठी बहिणीचं तीन तोळे सोनं गहाण ठेवलं, ते अजून सुटलेलं नाही. बहीण दोन वर्षं नाताळाला माहेरी आलेली नाही.

इथे पहिली चूक होते ती सगळ्यांना लगेच एकत्र बसवण्याची. आधी प्रत्येकाने आपल्या घरी बसून कागदावर लिहावं: काय घडलं, त्यात रक्कम किंवा वस्तू किती, आणि आता काय व्हावं असं वाटतं. स्वतःकडून काय चुकलं त्याचा एक रकाना सक्तीचा ठेवावा. लिहिता येत नसेल तर आपल्या विश्वासातल्या माणसाला सांगून लिहून घ्यावं. मध्यस्थ दोन असावेत, त्यातली एक बाई असावी, आणि दोघांपैकी कोणीही कोणत्याच बाजूचा सोयरा नसावा. छोट्या मंडळीत असं माणूस सापडणं अवघड असतं, तेव्हा शेजारच्या गावच्या मंडळीतून बोलवावं. त्यांनी आधी कागद जुळवून पाहावेत. बऱ्याचदा निम्मं भांडण इथेच मिटतं. धाकट्याला वाटत असतं की सोनं मोठ्याने केव्हाच सोडवलं, मोठ्याला दवाखान्याचं बिल तीस-चाळीस हजारांचं वाटत असतं, आणि आईने दोघांच्या मधे पडून दोघांनाही वेगवेगळं सांगितलेलं असतं.

बैठक तिसऱ्याच्या घरी घ्यावी, मोठ्या भावाच्या ओसरीवर नको. लेकरं नकोत. दोन तासांपेक्षा जास्त ताणू नये, त्यापुढे माणसं थकून होकार देतात आणि घरी जाऊन पस्तावतात. मोबाईल बंद असावेत, कारण बाहेर बसलेले मेहुणे-साडू फोनवरून सल्ले देत राहिले की बोलणं पुढे सरकत नाही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते माफी मागण्याच्या शब्दांत. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं वाक्य आहे, "माझं काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा." यात माणूस काहीच कबूल करत नाही. ऐकणाऱ्याला मात्र तेवढ्यावर माफ करावं लागतं, नाहीतर तोच कठोर ठरतो. मोठ्या भावाने असं काही म्हणायला हवं: "ताई, तुझं तीन तोळे सोनं मी बोअरसाठी गहाण टाकलं. हंगामावर सोडवतो म्हणालो आणि सोडवलं नाही. त्यापायी तुला सासरी काय काय ऐकावं लागलं ते मी विचारलंसुद्धा नाही. चूक माझी आहे. कापूस विकून फेब्रुवारीअखेर मी ते परत करीन." यात कृत्य आहे, वस्तूचं वजन आहे, तिला झालेला त्रास आहे आणि मुदत आहे. "पण पाऊसच तसा झाला" हे नाही. कारणं खरी असली तरी ती त्या दिवशी सांगू नयेत, बहिणीने विचारलं तर सांगावीत. तीन तोळ्यांवर पाचवा हिस्सा म्हणजे सहा ग्रॅम होतात. ते देऊ करणं मोठ्याचं काम. "राहू दे, दादा" म्हणायचं की घ्यायचं हे बहिणीने ठरवावं, मध्यस्थाने नव्हे.

आणि बहिणीने त्याच बैठकीत "माफ केलं" म्हणावं अशी अपेक्षा ठेवू नये. "दादा, तुम्ही बोललात, मी ऐकलं, मला वेळ लागेल," हे पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे. तिथे प्रार्थना करून उठावं. पश्चात्ताप खरा असेल तर तो महिनाभर थांबू शकतो.

धाकट्याच्या ९० हजारांचं काय? तीन भावंडांत वाटले तर प्रत्येकी ३० हजार. म्हणजे मोठा आणि बहीण धाकट्याचे प्रत्येकी ३० हजार लागतात. पण बहिणीला आणि आईला सहा वर्षांत शेताच्या उत्पन्नातलं काहीच मिळालेलं नाही, धाकट्यालाही नाही. उलट मोठ्याने सहा वर्षं घाम गाळला आणि बोअरचा खर्च केला, त्याचा फायदा सगळ्यांच्या जमिनीला झाला. हे सगळं एका कागदावर आलं की कळतं, या घरात नुसता देणेकरी कोणी नाही आणि नुसता घेणेकरीही कोणी नाही. आपलं देणं दिसल्यावर माणूस दुसऱ्याच्या देण्याकडे जरा मऊपणे पाहतो. बैठकीआधी चार वचनं कमी वाचली तरी चालतील, पण हा कागद झाला पाहिजे.

आता कायदा, कारण याबद्दल आपल्या मंडळ्यांत विलक्षण अज्ञान आहे. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागतो. मागे पत्नी आणि मुलं असतील तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशात सगळ्या मुलांना, मुलगा असो की मुलगी, समान हिस्सा. वरच्या चार एकरांचे १६० गुंठे होतात. त्यातले आईचे ५३ गुंठ्यांच्या किंचित वर आणि तिन्ही भावंडांचे प्रत्येकी साडेपस्तीसच्या आसपास. जन्माने मिळणारा वडिलोपार्जित हक्क या कायद्यात नाही, म्हणजे बाप जिवंत असताना मुलाला जमिनीत वाटा मागता येत नाही. बापाला मात्र मृत्युपत्राने सगळं कोणालाही देता येतं, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आदिवासी कुटुंबांत प्रथेचा प्रश्न येतो, तिथे ऐकीव माहितीवर न जाता तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जावं. बाईला आणि अनुसूचित जमातीच्या माणसाला तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

समेट झाला की उत्साहात मुद्रांकावर "बहिणीने हक्क सोडला" असं लिहून नोटरी करतात. त्याने हक्क सुटत नाही. जमिनीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावं लागतं. त्याआधी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंद करून सातबाऱ्यावर चारही नावं आणावीत. सगळे राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करता येतो. कोर्टात दावा चालू असेल तर तो लोकअदालतीत मिटवावा. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

माझी ठाम सूचना आहे की समेटाच्या दिवशी बहिणीकडून हक्कसोडीची कोणतीही सही घेऊ नये. किमान तीन महिने मधे जाऊ द्यावेत, आणि त्यानंतरही सहीच्या आधी तिने एकदा भावांच्या अपरोक्ष वकिलाशी बोलावं. तीन महिन्यांनीही तिला हिस्सा सोडावासा वाटला तर ते तिचं दान आहे आणि त्यात आनंद आहे. भावना दाटून आलेल्या दिवशी घेतलेली सही पुढच्या पिढीत आतेभाऊ-मामेभावांचं भांडण होऊन परत येते.

पाळकांनी वाटणीपासून लांब राहावं असं मला वाटतं, आणि त्याला लूक १२:१३-१५ चा आधार आहे. गर्दीतला एक जण येशूला म्हणाला, गुरुजी, माझ्या भावाला सांगा की त्याने मला वतनाचा वाटा द्यावा. येशूने स्पष्ट नकार दिला: मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि लगेच लोभाबद्दल बोलला. पाळकाने हीच विभागणी पाळावी. मोजणी भूमी अभिलेखवाल्यांनी करावी, हिस्से कायद्याने ठरावेत, आणि पाळकाने प्रत्येकाच्या लोभाशी त्याच्या घरी बसून बोलावं. एकदा का पाळकाने विहिरीच्या पाळ्या ठरवल्या की तो एका भावाचा माणूस होतो आणि दुसरा भाऊ मंडळी सोडतो. मग शेजारच्या गावात एक नवी मंडळी उभी राहते. आपल्याकडच्या किती फुटींचं मूळ असं बांधावर आहे, हे जुन्या विश्वासणाऱ्यांना विचारावं.

"कोर्टात जाऊ नका, १ करिंथ ६ वाचा," असं म्हणणाऱ्यांनी तो अध्याय आठव्या ओवीपर्यंत वाचावा. अन्याय का सोसत नाही, नाडणूक का सोसत नाही, असं हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल विचारतो ते सातव्या ओवीत. आठव्या ओवीत तो नाडणाऱ्यांकडे वळतो: तुम्हीच अन्याय करता, नाडता, आणि तेही आपल्या भावांना. जमीन ताब्यात असलेल्या भावाने सातवी ओवी बहिणीला वाचून दाखवायची आणि आठवी झाकून ठेवायची, हा शास्त्राचा वापर नाही. शिवाय पौल पाचव्या ओवीत विचारतो की भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय. म्हणजे मंडळीत हिशेब, कायदा आणि माणसं तिन्ही समजणारी माणसं तयार असली पाहिजेत. ती तयार न करता कोर्टाची वाट बंद केली तर दुबळ्याला कुठेच दार उरत नाही.

भरवशाच्या बाबतीत उत्पत्तीतली दोन घराणी पुन्हा वाचण्यासारखी आहेत. याकोबाचा मुलगा योसेफ सतरा वर्षांचा असताना भावांनी त्याला विकलं. तो तिसाव्या वर्षी मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला, सुकाळाची सात वर्षं गेली, दुष्काळाची दोन गेली, आणि मग त्याने भावांना ओळख दिली. म्हणजे मधे बावीस वर्षं. आणि ओळख पटताच त्याने मिठी मारली असंही नाही. आधी त्याने त्यांना पारखलं, धाकट्या बन्यामीनला ते त्याच्यासारखंच टाकून जातात का ते पाहिलं. त्यांच्यातला यहूदा स्वतः गुलाम व्हायला तयार झाला तेव्हा योसेफाला रडू आवरेना. इथपर्यंत आपण शिकवतो. त्यापुढचं फारसं कोणी शिकवत नाही. याकोब मिसरात सतरा वर्षं जगला, आणि तो मेल्याबरोबर भाऊ पुन्हा घाबरले की योसेफ आता सूड घेईल. सतरा वर्षं त्याच्या अन्नावर काढूनही त्यांच्या मनात भीती होती. योसेफ रडला, पण "एवढं करूनही तुमचा विश्वास नाही?" असं म्हणाला नाही. त्याने पुन्हा धीर दिला, तुम्हाला आणि तुमच्या लेकरांना पोशीन असं सांगितलं. ज्या घरात समेटाला सहाच महिने झाले आहेत तिथे कोणी अजून बिचकत असेल तर तो अविश्वासी आहे असं म्हणण्याआधी हा पन्नासावा अध्याय आठवावा.

दुसरं घराणं याकोब आणि त्याने फसवलेला थोरला भाऊ एसाव यांचं. याकोब भेटीला रिकाम्या हाताने गेला नाही. दोनशे शेळ्या, वीस बोकड, दोनशे मेंढ्या, वीस एडके, तीस दुभत्या सांडण्या पिलांसकट, चाळीस गायी, दहा बैल, वीस गाढवी आणि दहा शिंगरं. पिलं सोडून साडेपाचशे जनावरं, तीही एकदम न नेता कळपाकळपाने, मधे अंतर ठेवून पुढे पाठवलेली. एसाव नको म्हणाला तरी त्याने आग्रहाने दिली. दोघं गळ्यात पडून रडले. आणि मग? एसाव म्हणाला, चल, बरोबर जाऊ. याकोबाने लेकरं आणि दुभती जनावरं यांचं कारण सांगून त्याला पुढे पाठवलं. एसाव सेईरला गेला, याकोब सुक्कोथला. पुढे बाप इसहाकाला पुरायला दोघं एकत्र आले. समेट झाला म्हणजे एका चुलीवर आलं पाहिजे, ही आपली अपेक्षा शास्त्रातून आलेली नाही. दोन सुना एका ओट्यावर राहू शकत नसतील तर वेगळं घर, वेगळं मीटर, विहिरीच्या ठरलेल्या पाळ्या आणि सणाला एकमेकांकडे जेवण, याला पूर्ण समेट म्हणावं.

एका ठिकाणी मात्र वरचं काहीच लागू होत नाही. जिथे मारहाण आहे, लेकराशी गैरवर्तन झालं आहे, जीवाची भीती आहे, तिथे "आधी एकांतात जा" हे मत्तय १८ चं पहिलं पाऊल उचलायला लावू नये. बाईला आधी सुरक्षित जागी न्यावं. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा तिला त्याच घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश देतो. महिलांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक चर्चच्या फळ्यावर कायमचे लिहून ठेवावेत. लेकरावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना न कळवणं हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, त्यातून पाळक आणि पंच कमिटी सुटत नाहीत. "कुटुंबाची अब्रू" आणि "मंडळीची साक्ष" ही कारणं तिथे चालत नाहीत. अपराध्याला देवाची क्षमा मिळू शकते, मी ते मनापासून मानतो. ती त्याला पोलीस ठाण्यात आणि तुरुंगातही मिळू शकते.

दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याने रविवारी पुढे येऊन रडून साक्ष दिली की मंडळी बायकोला परत नांदायला पाठवते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने पश्चात्तापाला साजेशी फळं मागितली होती, आणि "आम्ही काय करावं?" असं लोकांनी विचारल्यावर त्याने जकातदारांना एक, शिपायांना दुसरं असं नेमकं काम सांगितलं (लूक ३). तसंच इथे सांगावं: मजुरी बायकोच्या खात्यात, व्यसनमुक्तीचे उपचार, दर आठवड्याला मंडळीतल्या दोन माणसांसमोर हजेरी, आणि हे किमान सहा महिने. परत जायचं की नाही ते तिने ठरवावं.

आपल्या बऱ्याच कुटुंबांत सगळे ख्रिस्ती नसतात. नवापूरकडच्या मावची आणि भिल्ल घरांत एका भावाचा बाप्तिस्मा झालेला, दुसऱ्याचा नाही, असं जागोजागी आहे, आणि तिथलं दुखणं बहुतेक वेळा मरणाच्या दारात उघडं होतं. बापाच्या मयतीला ख्रिस्ती मुलगा विधी करत नाही म्हणून लांब उभा राहतो. भावकीला दिसतं की याने बाप सोडला. विवेकाला पटत नाही तो विधी करू नये, पण लाकडं आणणं, तिरडीला खांदा देणं, पाहुण्यांच्या भाकरीचा खर्च उचलणं, आईजवळ बसणं यातलं काहीच विश्वासाच्या आड येत नाही. हे आधी, बाप धडधाकट असताना, भावांशी बोलून ठेवावं: मी हे हे करीन, एवढं एक करणार नाही, आणि त्याच्या बदल्यात खर्चाचा हा भाग माझा. बापालाही सांगावं. मयतीच्या दिवशी समजावत बसायला कोणालाच जीव नसतो. बऱ्याच पाड्यांवर पंचांपुढे मिटलं की सगळ्यांनी मिळून पिण्याची रीत आहे. ख्रिस्ती माणूस तिथून उठून गेला की मिटलेलं मोडलं असा अर्थ लावतात. त्याने उठू नये, जेवण आपल्याकडून द्यावं आणि सगळ्यांच्या पंगतीत बसून जेवावं. नारायण वामन टिळकांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या त्यांच्याजवळ आल्या, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मधल्या काळात एकमेकांवर सक्ती न झाल्यानेच ते घर सांधलं, असं मला वाटतं.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. येशूने क्रुसावरून, कोणी पश्चात्ताप करण्याआधीच, बापाकडे क्षमा मागितली. आणि येशूच्या दाखल्यात वाटा उडवून परतलेल्या उधळ्या पुत्राच्या बापाने सहा महिने पारख केली नाही, तो धावत गेला. दोन्ही खरं. मार्क ११:२५ ही प्रार्थनेला उभं राहताच क्षमा करायला सांगतं, कोणाची वाट पाहायला नव्हे. म्हणून मनातली क्षमा लांबवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. सूड सोडणं, शाप देणं थांबवणं, समोरच्याच्या भल्यासाठी प्रार्थना करणं हे आजच सुरू झालं पाहिजे. मरणाच्या खाटेवर तर हिशेब, कागद सगळं बाजूला ठेवून आधी बोलून घ्यावं. पण तो बाप धावला तो स्वतःहून. नुकसान त्याचं झालं होतं आणि त्याला कोणी कमिटीपुढे बसवलं नव्हतं. शिवाय मोठ्या मुलाला तो सांगतो की माझं जे काही आहे ते सगळं तुझंच आहे, म्हणजे धाकट्याने उडवलेला वाटा मोठ्याच्या हिश्श्यातून भरला गेला नाही. आज आपल्याकडे धाकट्याच्या स्वागताचा खर्च बहुतेक वेळा बहिणीच्या वाट्यातून होतो.

शेवटी वेळेबद्दल. नाताळ हा समेटाचा सण आपण मानतो, पण नंदुरबारच्या कितीतरी घरांतली माणसं तेव्हा गुजरातेत नाहीतर दक्षिण महाराष्ट्रात उसाच्या फडात असतात, आणि जी घरी असतात ती कापसाच्या वेचणीत. माणसं घरी असतात ती होळीनंतर, आणि पेरणीआधी हातात वेळ असतो तो एप्रिल-मेमध्ये. लग्नंही तेव्हाच असतात, म्हणून लग्नाची तारीख समेटाची मुदत होऊ देऊ नये. "हळद तोंडावर आलीय, मिटवून टाका" या वाक्याने जितकं बिघडतं तितकं भांडणानेही बिघडत नाही. प्रत्येक मंडळीने मेच्या पहिल्या आठवड्यात दोन संध्याकाळी याच कामासाठी राखून ठेवाव्यात, त्यासाठी चार माणसं वर्षभर आधी निवडावीत, त्यात दोन बाया असाव्यात, आणि त्यांनी तालुक्याच्या विधी सेवा समितीत जाऊन वारस नोंद, वाटणी आणि हक्कसोडीची माहिती घ्यावी. बैठकीत बोललेलं प्रार्थना विनंती म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणाऱ्याला त्या कामातून त्याच दिवशी काढावं. ठरलेल्या गोष्टी दोन प्रतींत लिहाव्यात, तीन महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा पाहाव्यात. फिलेमोनाला पत्र लिहिताना पौलाने त्याच्या अनेसिम या दासाचं देणं आपल्या नावावर मांडायला सांगितलं आणि ते फेडीन असं स्वतःच्या हाताने लिहिलं. मंडळीतल्या ज्यांची ऐपत आहे त्यांनी गरीब भावाच्या गहाणाच्या सोन्यासाठी तसा जामीन द्यायला पुढे यावं.